आरंभीचा ख्रिस्ती समाज आणि यहुदी नियमशास्त्र : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

येशूने यहुदी धर्मातील कर्मठ नियम झुगारून दिले आणि पौलाने त्या पायावर नवा धर्म उभा केला, अशी ख्रिस्ती धर्माच्या उगमाची रूढ मांडणी आहे. पहिल्या शतकातील साधने तिला पुरेसा दुजोरा देत नाहीत. येशू, त्याचे बारा शिष्य, त्याचा बंधू याकोब आणि पौल हे सर्व यहुदी होते. त्यांच्या काळातील मुख्य वाद नियमशास्त्र असावे की नसावे हा नव्हता; ते कोणावर बंधनकारक आहे, हा होता. या वादाचे स्वरूप आणि त्याची परिणती तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'नियमशास्त्र' हा मराठी बायबलमधील रूढ शब्द आहे. मूळ हिब्रू 'तोरा' या शब्दाचा अर्थ शिकवण किंवा मार्गदर्शन असा होतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी 'नोमोस', म्हणजे कायदा, हा शब्द योजला गेला. मराठी शब्दातही हीच अर्थच्छटा आहे. त्यामुळे तोरा म्हणजे केवळ विधिनिषेधांची जंत्री, असा ग्रह सहज होतो. प्रत्यक्षात ईश्वर आणि इस्राएल यांच्यातील कराराची कथा व त्या करारातून येणारी कर्तव्ये ही दोन्ही तिच्यात एकत्र नांदतात.

येशू आणि परूशी यांच्यातील वाद

शुभवर्तमानांत शब्बाथ, शुद्धाशुद्धता आणि घटस्फोट यांवरून येशू व परूशी यांच्यात वाद झाल्याचे दिसते. मात्र असे वाद यहुदी समाजात नवे नव्हते. हिल्लेल आणि शम्माय यांच्या परंपरा अनेक नियमांच्या अर्थाबाबत परस्परांशी झगडत होत्या. प्राणरक्षणासाठी शब्बाथचा नियम बाजूला ठेवता येतो, हे तत्त्व रब्बींच्या साहित्यातही आढळते.

जेवणापूर्वी हात धुण्याचा वाद या दृष्टीने बोलका आहे. सामान्य माणसाने रोजच्या जेवणाआधी विधिपूर्वक हात धुवावेत, अशी आज्ञा तोरामध्ये नाही. ती पूर्वजांची परंपरा होती. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू याच परंपरेवर आक्षेप घेतो, आणि तोही आईवडिलांचा मान राखण्याच्या मोशेच्या आज्ञेचा आधार घेऊन. सर्व अन्न शुद्ध ठरवल्याचे वाक्य त्या प्रसंगात निवेदकाचे भाष्य म्हणून येते. मत्तयाच्या समांतर वृत्तांतात हे भाष्य गळले आहे. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायात आपण कधीही निषिद्ध अन्न खाल्ले नाही, असे पेत्र सांगतो. येशूने आहारनियम स्पष्टपणे रद्द केले असते, तर त्याच्या निकटच्या शिष्याची ही भूमिका आणि पुढील दशकांतील तीव्र वाद यांचा उलगडा होत नाही.

यरुशलेमची सभा आणि अंत्युखियाचा प्रसंग

यहुदी नसलेले लोक मोठ्या संख्येने या पंथात येऊ लागले, तेव्हा प्रश्न अटळ झाला. या पुरुषांनी सुंता करून घ्यावी का? इ. स. ४८-४९ च्या सुमारास यरुशलेम येथे याचा विचार झाला. या सभेचे दोन वृत्तांत उपलब्ध आहेत व ते पूर्णपणे जुळत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांनुसार परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती न करता मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास सांगण्यात आले. लेवीय ग्रंथाच्या सतराव्या व अठराव्या अध्यायांत इस्राएलमध्ये राहणाऱ्या परक्यांसाठी सांगितलेल्या नियमांशी ही यादी बरीच मिळतीजुळती आहे. म्हणजेच ही सवलतही नियमशास्त्राच्या चौकटीतूनच आली असावी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल मात्र गरिबांची आठवण ठेवण्याव्यतिरिक्त कोणतीही अट घातली गेली नाही, असे सांगतो.

सुंतेचा प्रश्न सुटला तरी पंक्तिभोजनाचा सुटला नाही. अंत्युखिया येथे पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे; याकोबाकडील माणसे आल्यावर तो मागे सरला आणि बर्णबानेही त्याचे अनुकरण केले. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. तरीही पौलाने यहुद्यांना आपली ओळख टाकून देण्यास सांगितले नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, सुंता झालेल्याने ती लपवू नये व न झालेल्याने ती करून घेऊ नये, असाच त्याचा उपदेश आहे.

याकोबाची निष्ठा तर निर्विवाद होती. इ. स. ६२ मध्ये प्रमुख याजकाने नियमभंगाचा आरोप ठेवून त्याला दगडमाराची शिक्षा दिली. तेव्हा नियमांबाबत काटेकोर असलेल्या यरुशलेमकरांनीच या कृतीला विरोध केला, अशी नोंद यहुदी इतिहासकार जोसेफस याने केली आहे.

मंदिराच्या विध्वंसानंतर

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञयाग थांबले आणि नियमशास्त्राचे नवे अर्थ लावणे सर्वांनाच भाग पडले. रब्बींनी अध्ययन, प्रार्थना आणि आचार यांना केंद्रस्थान दिले. येशूच्या अनुयायांनी ते स्थान येशूला दिले. इ. स. १३२ ते १३५ च्या बार कोखबाच्या उठावानंतर सम्राट हेड्रियनने यहुद्यांना यरुशलेममध्ये येण्यास मनाई केली. तोवर तेथील सर्व बिशप यहुदी वंशाचे होते व त्यानंतर परराष्ट्रीय बिशप आला, असे युसेबियस सांगतो.

फारकत मात्र एका दिवसात झाली नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन लिहितो की, नियमशास्त्र पाळणारे यहुदी ख्रिस्ती इतरांवर त्याची सक्ती करत नसतील, तर त्यांचेही तारण होईल. परंतु हे मत सर्व ख्रिस्ती लोकांना मान्य नाही, हेही तो कबूल करतो. त्याच सुमारास मार्सियनने यहुदी शास्त्रग्रंथ संपूर्णपणे नाकारले. रोममधील ख्रिस्ती मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्यालाच दूर केले. ग्रंथ स्वीकारायचा, पण त्यातील विधी पाळायचे नाहीत, हा तिढा ख्रिस्ती परंपरेत कायमचा राहिला. इ. स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियातच योहान ख्रिसोस्तमला सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध प्रवचने द्यावी लागली. सीमारेषा तोपर्यंतही पुसट होती, याचा हा पुरावा होय.

समारोप

यहुदी धर्म म्हणजे शुष्क कर्मकांड ही प्रतिमा दीर्घकाळ विद्वानांनीही जोपासली. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ मधील पौलविषयक ग्रंथाने तिला मोठा धक्का दिला. यहुदी माणूस नियम पाळत असे तो ईश्वराची कृपा मिळवण्यासाठी नव्हे, तर कृपेने मिळालेल्या करारात टिकून राहण्यासाठी, असे त्यांनी दाखवले. हा केवळ विद्वत्सभेतील वाद नाही. अंतर्गत मतभेदांची भाषा पुढे सत्ताधारी परराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाच्या हाती आली, तेव्हा ती यहुदीद्वेषाचे साधन बनली. कॅथलिक चर्चने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, असे अधिकृतपणे जाहीर करण्यास १९६५ साल उजाडावे लागले. एका समाजाच्या घरातील भांडण दोन धर्मांचे युद्ध म्हणून वाचले गेले, तर केवढी किंमत मोजावी लागते, हे या इतिहासातून स्पष्ट होते. म्हणून कोणत्याही धर्माच्या आरंभाचा अभ्यास करताना उत्तरकालीन सीमारेषा मूळ साधनांवर लादल्या जात नाहीत ना, हे तपासणे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.