शौलाच्या मुलाचं नाव कोणी बदललं?

नावांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अर्थ काय?" आज आपण हिब्रू बायबलमधली नावं घेणार आहोत, म्हणजे ख्रिस्ती मंडळी ज्याला जुना करार म्हणतात त्यातली. इथे अर्थाबरोबर दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो. तो अर्थ कोणी सांगितला आणि केव्हा?

आधी थोडं व्याकरण, अगदी थोडं. आपल्याकडे देवदत्त म्हणजे देवाने दिलेला. हिब्रूत हेच नाव नथनेल, 'एलने दिलं'. एल म्हणजे देव. योनाथान हेही तेच, फक्त देणारा तिथे यहोवा आहे. बरीचशी हिब्रू नावं अशी छोटी वाक्यंच असतात. दानिएल, 'देव माझा न्यायाधीश'. यिर्मया, यशया या नावांच्या शेवटी जो 'या' आहे, मूळ उच्चारात 'याहू', तो यहोवाच्या नावाचा तुकडा. बायकांची नावं बहुधा वेगळ्या वाटेनं जातात. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुरीचं झाड. मला ही नावं जास्त आवडतात, पण आजचा विषय देवांची नावं असलेल्या नावांचा आहे.

बायबल स्वतःच अनेक नावांची फोड करून सांगतं आणि ती फोड दर वेळी जुळतेच असं नाही. हन्ना आपल्या मुलाचं नाव शमुवेल ठेवते आणि सांगते की मी याला देवाकडे मागून घेतलं. मागणे हे क्रियापद हिब्रूत 'शाअल'. त्यावरून जे नाव सरळ बनतं ते शौल, म्हणजे 'मागितलेला'! शमुवेल नव्हे. शमुवेलचा अर्थ 'एलचं नाव' असा काहीसा लागतो. शौलाच्या जन्माची कथा शमुवेलाला जोडली गेली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात ते यामुळेच.

मोशेचं तर आणखी मजेशीर आहे. फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून काढलं म्हणून हा मोशे. इजिप्तची राजकन्या आणि कोटी करते हिब्रूत! इजिप्तच्या भाषेत 'मोसे' म्हणजे जन्मलेला, मूल. थुतमोस, अहमोस या राजांच्या नावांत तोच शब्द आहे. नाव इजिप्तचं, फोड मागाहून हिब्रूत केलेली.

आता शौलाच्या घरात येऊ. इस्राएलाचा हा पहिला राजा, दावीदाच्या आधीचा. त्याचा थोरला मुलगा योनाथान, 'यहोवाने दिलं'. आणखी एका मुलाचं नाव शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ईश-बोशेथ असं येतं. ईश म्हणजे माणूस, बोशेथ म्हणजे लाज. लाजेचा माणूस. कोणता बाप पोटच्या पोराचं असं नाव ठेवेल? तोही राजा?

उत्तर बायबलमध्येच आहे, पण दुसऱ्या पुस्तकात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायात लांबलचक वंशावळ आहे. वाचणारे बहुधा ती पानं उलटून पुढे जातात. तिथे याच मुलाचं नाव आहे एश्बाल, म्हणजे 'बालचा माणूस'. योनाथानाचा मुलगा, जो पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडून दोन्ही पायांनी पांगळा झाला, तो शमुवेलाच्या पुस्तकात मफीबोशेथ आहे आणि वंशावळीत मरीब्बाल. दोन्हीकडे बाल गेला आणि त्याच्या जागी लाज आली.

बाल म्हटलं की कनानी लोकांचा पावसाचा देव आठवतो, यहोवाचा प्रतिस्पर्धी. पण तो मुळात साधा शब्द आहे: मालक, स्वामी, नवरा. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, धनी. शेताचा धनी, घराचा धनी आणि खेड्यातली बाई नवऱ्याला म्हणते तोही धनीच. मग यहोवाला धनी म्हणायला काय हरकत होती? काहीच नव्हती. दावीदाला येऊन मिळालेल्या लढवय्यांत बआलया नावाचा एक गडी आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'यहोवा धनी आहे'. म्हणजे शौलानं एका मुलाच्या नावात यहोवा घातला, दुसऱ्याच्या नावात धनी घातला. त्याच्या मनात ते दोन वेगळे देव असतील असं मला वाटत नाही.

बिघडलं ते पुढे. इसवी सनपूर्व आठव्या शतकात होशेय हा संदेष्टा सांगू लागला की देवाला 'माझा बाल' म्हणू नका, 'माझा पुरुष' म्हणा. दोन्हीचा अर्थ नवराच, पण एक शब्द आता विटाळला होता. त्यानंतर केव्हातरी शमुवेलाच्या पुस्तकाची नक्कल करणाऱ्यांनी जुन्या नावांवर हात फिरवला. इतिहासाची पुस्तकं खरं तर नंतरची, पण जुनी रूपं तिथेच टिकली. वंशावळी कोण एवढ्या बारकाईनं तपासतो?

आणि एक गोष्ट बघा. दावीदाच्याही एका मुलाचं नाव बालयादा होतं, 'धनी जाणतो'. इतिहासाच्या चौदाव्या अध्यायात ते तसंच आहे. शमुवेलाच्या पुस्तकात त्याचं काय झालं? एल्यादा, 'देव जाणतो'. इथेही बाल गेलाच, पण जागी लाज आली नाही, देव आला. ज्या घराण्याचं राज्य टिकलं त्याच्या मुलाला सभ्य नाव आणि ज्याचं बुडालं त्याच्या मुलाला लाज. एश्बालाला त्याच्याच माणसांनी दुपारी झोपेत मारलं आणि मुंडकं दावीदाकडे नेलं. त्यानंतर नावही गेलं. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हे सगळं पुस्तकातल्या पुस्तकात राहिलं असतं, पण जमिनीनं साक्ष दिली. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला खिरबेत कैयाफा नावाचं ठिकाण आहे. तिथे 2012 साली एका फुटक्या रांजणाचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर 2015 मध्ये त्यावरची अक्षरं जाहीर झाली: एश्बाल, बेदाचा मुलगा. वय सुमारे तीन हजार वर्षं. बापाचं नाव बेदा, तेव्हा हा शौलाचा मुलगा नव्हे. पण त्या काळी हे चारचौघांसारखं नाव होतं, रांजणावर लिहायला कोणी लाजत नव्हतं. उत्तरेत शोमरोनला 1910 साली जी खापरं मिळाली, आठव्या शतकातली, तेल आणि द्राक्षारसाच्या हिशेबाची, त्यांवर यहोवाची नावं आणि बालची नावं शेजारी शेजारी आहेत.

मग लाखीशचं खापर पाहा. हे दक्षिणेतलं, बाबेलच्या सैन्यानं जेरुसलेम पाडलं त्या सुमाराचं, इसवी सनपूर्व 587 च्या आसपासचं. पाच ओळी, दहा नावं: गमर्याहू, यिर्मयाहू, मत्तन्याहू, नेरीयाहू... दहांपैकी आठ 'याहू'ची. बाल एकाही नावात नाही.

गंमत म्हणजे पुढे बाबेलच्या बंदिवासात यहुद्यांनी तिथली नावं घेतली. मर्दखय या नावात बाबेलचा मुख्य देव मर्दुक आहे. ते नाव मात्र कोणी बदललं नाही.

नावातला देव लेखणीनं काढता येतो, तसा तो जिभेवर झिजतोही. योहानान, 'यहोवाने कृपा केली'. केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत ते योहन्नान म्हणून जवळजवळ शाबूत आहे, गोव्यात मात्र पोर्तुगीजांच्या वाटेनं येऊन त्याचं ज्यांव झालं. सांजांवच्या दिवशी विहिरीत उड्या मारणाऱ्यांना त्यातला यहोवा शोधूनही सापडायचा नाही.

आणि आपल्या कोकणात बेने इस्राएल. अष्टागरात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बैल जुंपायचे नाहीत म्हणून शनिवार तेली. त्यांची आडनावं गावांवरून: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. नावं बायबलचीच, पण मराठी वळणावर गेलेली. मुंबईत 1796 साली त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. ते बांधणारे गृहस्थ कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. हिब्रू रूपानं त्यांचं नाव शमुवेल यहेज्केल. लोकांच्या तोंडी मात्र ते सामाजी हसाजी दिवेकर. दोन्ही नावांच्या शेवटचा एल गळला आणि त्या जागी आपला 'जी' बसला.