वाटेचा हक्क आणि राज्याचा हक्क

गिरगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्या माणसाला वहिवाट म्हणजे काय, हे वकिलाने शिकवावे लागत नाही. मागच्या चाळीतली माणसे पुढच्या चाळीच्या अंगणातून वर्षानुवर्षे ये-जा करीत असतात. त्याचा कोणी कागद केलेला नसतो, कोणी कोणाची परवानगी मागितलेली नसते. एखाद्या दिवशी नवा मालक फाटकाला कुलूप घालतो आणि तंटा उभा राहतो. परंतु त्याच अंगणात लग्नाचा मांडव घालावयाचा झाला, तर दर वेळी मालकाला विचारूनच घालतात. पन्नास वर्षे मांडव पडत आले म्हणून मांडवाचा हक्क उत्पन्न होत नाही. कारण जी गोष्ट दर खेपेस विचारून केली, ती हक्काची नव्हे.

ह्याच भेदावर दोन राष्ट्रांमधील एक मोठा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षांहून अधिक काळ चालला. पोर्तुगालने तो भारताविरुद्ध लावला होता आणि त्याचे मूळ पेशव्यांनी केलेल्या एका मराठी तहात होते. सनदी सेवांच्या परीक्षेला बसणारे आमचे तरुण मित्र परराष्ट्र संबंध आणि राज्यकारभार ह्या विषयांची टिपणे काढतात, तेव्हा हा दावा त्यांच्या वहीत बहुधा एका ओळीत येतो: 'दादरा-नगर हवेली, १९६०, निकाल भारताच्या बाजूने.' ही ओळ खोटी नाही. पण ती अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्यात जे आहे, ते उद्याच्या कारभाऱ्यांनी जाणून घ्यावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम मूळ कागद पाहू. १७७९ साली पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते व कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध जुंपलेले असताना पोर्तुगीजांची मैत्री मराठ्यांस हवी होती. त्या वर्षीच्या तहात दमणलगतची बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस देण्याचे ठरले. पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती गावे त्यांच्याकडे गेली. नगर हवेली हा परगणा आणि दादरा हा त्याहून लहान तुकडा मिळून सुमारे १९० चौरस मैलांचा हा मुलूख. दमण समुद्रकाठी आणि ही गावे आत; मध्ये दुसऱ्याची जमीन. गावे दिली खरी, पण काय दिले? जमिनीचे स्वामित्व, की नुसता वसूल? हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. तो पावणेदोनशे वर्षांनी पडला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मधल्या जमिनीचे धनी इंग्रज झाले. त्यांनी पोर्तुगीजांस ह्या गावांत नांदताना पाहिले व ते राज्यकर्तेच आहेत असे धरून चालले. माणसे, अधिकारी, माल ह्यांची दमणहून आत ये-जा चालू राहिली. शिपाई आणि शस्त्रे मात्र निराळी. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात स्पष्ट लिहिले गेले, की काही ठरावीक प्रसंग सोडल्यास एका सरकारचे सशस्त्र सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर विनंतीवाचून शिरणार नाही. चाळीच्या भाषेत बोलावयाचे तर, वाट मोकळी होती, मांडवाला मात्र विचारावे लागे.

आता १९५४ कडे वळू. देश स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली होती आणि गोवा, दमण, दीव पोर्तुगालकडेच होते. गोमंतकीयांची मुंबईतली वस्ती फार जुनी. धोबी तलाव-माझगावच्या कुडींत कोकणी ख्रिस्ती खलाशी व आचारी उतरत, गिरगावात गोमंतकीय हिंदूंची बिऱ्हाडे असत. 'दि गोवा हिंदू असोसिएशन' ही संस्था तर १९१९ पासून मुंबईत काम करीत आली. गोव्यात ज्यांना तोंड उघडता येत नव्हते, त्यांची चळवळ मुंबईत बोलत असे. २२ जुलै १९५४ रोजी युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्कारेन्हस ह्यांच्या तुकडीने दादरा घेतले. तेथील पोलीस अधिकारी आनिसेतु दु रोझारियू मारला गेला. मुक्तीची कथा सांगताना हेही सांगितले पाहिजे. आपल्या जागेवर उभा राहून मेलेला माणूस शत्रूपक्षाचा असला तरी इतिहासातून वगळता येत नाही.

२ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यात आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण होते. दादरला राहणारे संगीतकार सुधीर फडके त्यांतले एक. त्या कामास पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायिल्या. दिल्लीचे सैन्य ह्या कामी गेले नाही. सभोवतालचा मुलूख त्या वेळच्या मुंबई राज्याचा. दमणहून नव्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि शिपायांना ह्या मुलुखातून पुढे जाऊ देण्यात आले नाही. फाटकाला कुलूप पडले ते येथे.

पोर्तुगालने काय केले ते तारखांवरून पाहण्यासारखे आहे. १४ डिसेंबर १९५५ रोजी त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य केल्याचे पत्र दिले आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा दाखल केला. भारताने हा अधिकार पूर्वीच, इंग्रजी अमदानीत १९४० साली दिलेल्या घोषणेने, मान्य केलेला होता व ती घोषणा अजून चालू होती. जानेवारी १९५६ मध्ये आपण ती मागे घेतली. पण तोवर दावा नोंदला गेला होता. जुन्या सरकारने करून ठेवलेली कागदपत्रे नव्या सरकारला बांधतात, आणि ती वेळेवर तपासून न पाहिल्यास प्रतिपक्ष तपासतो, हा ह्या प्रकरणातला पहिला धडा होय.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पडला. परळ-लालबागच्या गिरण्यांतला कामगार रस्त्यावर आला. सैन्य का पाठवीत नाही, हा लोकांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. सरकारला मात्र एकीकडे हा संताप आणि दुसरीकडे हेगमधला खटला, अशा दोन वाटांनी चालावे लागले. परराष्ट्र धोरण दिल्लीच्या दालनात ठरते असे पुस्तक सांगते. त्याचा ताण लालबागच्या नाक्यावर पडतो, हे पुस्तक सांगत नाही.

दाव्यात भारताची बाजू मांडणाऱ्यांत मुंबई हायकोर्टात नावारूपाला आलेले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड होते. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला बसले. अखेरच्या सुनावणीच्या वेळी, १९५९ मध्ये, ते अमेरिकेत भारताचे राजदूत होते. आपल्या बाजूने असे म्हणणे मांडले गेले, की पेशव्यांनी पोर्तुगीजांस राज्य दिलेच नव्हते. दिला तो सरंजाम, म्हणजे वसूल खाण्याचा अधिकार, आणि तो धन्याच्या मर्जीवर असतो.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने मराठी कागदाचा अर्थ आपण सांगितला तसाच लावला. मराठ्यांस जेव्हा स्वामित्व द्यावयाचे असे, तेव्हा ते तसे शब्द घालीत. येथे ते शब्द नाहीत. म्हणून हा सरंजामच. इतके झाल्यावर कोणासही वाटेल की दावा संपला. तो संपला नाही. न्यायालय पुढे म्हणाले, की मूळ देणगी वसुलाची असली, तरी इंग्रजांनी पोर्तुगीजांस सार्वभौम मानले आणि त्यांच्यामागून भारतानेही ते न बोलता चालू दिले. शिवाय सव्वाशे वर्षे सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल निर्वेध येत-जात राहिले. दोनच राष्ट्रांमध्ये पडलेला असा प्रघातसुद्धा कायदा होतो. म्हणून त्यांच्यापुरता जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला आहे, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले.

सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा ह्यांबाबत मात्र असा हक्क नाही, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. एका मताचा फरक! कारण तेच मांडवाचे: जे दर वेळी परवानगीने आले, ते हक्काने आले असे म्हणता येत नाही. मुलकी वाहतुकीचा हक्कदेखील भारताच्या नियमनाखालचा होता आणि १९५४ च्या जुलैतली स्थिती इतकी तंग होती, की ती वाहतूक अडविण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. छागलांनी आपले भिन्न मत निराळे लिहिले.

म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागला तो पेशव्यांच्या कागदामुळे नव्हे. कागद खरा ठरूनही वहिवाटीपुढे फिका पडला. आपणांस वाचविले ते त्या अनाम कारकुनांनी आणि अंमलदारांनी, ज्यांनी शिपायांची तुकडी जावयाची म्हटली की अर्ज मागितला, तो नोंदवून घेतला आणि मग परवानगी दिली. ते बहुधा परक्या सरकारचे नोकर होते आणि आपण स्वतंत्र भारताचे काम करीत आहोत हे त्यांस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दप्तरातली नोंद दोन पिढ्यांनी राष्ट्राच्या कामी आली. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणाचे सार एवढेच आहे: राज्य जे मुकाट्याने चालू देते, त्याचा उद्या हक्क होतो; आणि जे विचारून, नोंदवून चालू देते, त्यावर त्याची सत्ता राहते.

एक प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच: त्या गावांतली माणसे कोणाची? वारली आणि इतर आदिवासींचा तो मुलूख. १९५४ पासून सात वर्षे तेथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. भारताने मुलूख लगेच आपल्यात घेतला नव्हता. जून १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करावयास तिकडून कोणी अधिकारी पुरुष हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी ह्यांना एका दिवसापुरते तेथील पंतप्रधान करण्यात आले, आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून, दहाव्या घटनादुरुस्तीने, तो मुलूख भारतात आला. सनदेने गेलेली गावे एका सनदी अधिकाऱ्याच्या सहीने परत आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीवही मुक्त झाले. पोर्तुगालने हे सारे ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले.

पण कसणाऱ्याच्या जमिनीसाठी जमीनसुधारणेचा कायदा तेथे आला तो १९७१ साली. झेंडा बदलून तोवर दहा वर्षे झाली होती. दादरा-नगर हवेली २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. परीक्षेत ह्या तारखा विचारतील, त्या जरूर पाठ कराव्या. परंतु उद्या ज्या तरुणाच्या टेबलावर एखादा साधा अर्ज येईल, त्याने तो वाचताना दोन गोष्टी मनाशी विचाराव्या: आज मी जे न बोलता जाऊ देतो आहे, त्याची वहिवाट होऊन उद्या कोणावर उलटेल? आणि ज्या गावाबद्दल हा कागद आहे, त्या गावाला कोणी विचारले आहे काय? पेशव्यांच्या दप्तरात दुसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हेगमध्येही तो निघाला नाही. तो विचारण्याचे काम आता आपल्याच माणसांकडे आलेले आहे.