जुलैतलं रोप, मे महिन्यातली बातमी

वनमहोत्सव हा मुळात वन खात्याचा नव्हे, प्रसिद्धीचा कार्यक्रम, असं मी म्हटलं की वन खात्यातले माझे जुने मित्र चिडतात. पण अख्खी नोकरी जिल्हा माहिती कार्यालयात गेलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. सनदी अधिकारी एम. एस. रंधावांनी २० ते २७ जुलै १९४७ या काळात दिल्लीत वृक्षारोपण सप्ताह भरवला. तीन वर्षांनी केंद्रातले शेतीमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो देशभर नेला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणून बसवला आणि त्याचा महोत्सव केला. मुन्शी मुंबईत वकिली केलेले, गुजरातीतले गाजलेले कादंबरीकार. खात्याच्या कामाला सणाचं रूप दिलं की लोक आपणहून येतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आता सण म्हटला की मंडप आला, पाहुणे आले, आणि पाहुण्यांमागून आम्ही.

आमचं काम जूनच्या मध्यापासून सुरू व्हायचं. भित्तिपत्रकं यायची, कलापथकाचे दौरे ठरायचे, शाळांच्या वृक्षदिंड्यांचे मार्ग ठरायचे, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ भिंतींवर रंगायचं. या घोषणेचा पहिला अर्धा भाग आमच्याकडे, दुसरा कुणाकडे ते कधी ठरलंच नाही. प्रेसनोटचा साचा ठरलेला: उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी. तालुक्यांतून फोनवर आकडे यायचे. रोपवाटिकेतून गाडीत चढलं ते रोप ‘साध्य’ मध्ये जमा. ते पुढे मातीत गेलं, की पंचायत समितीच्या आवारात सुकलं, याला साच्यात रकाना नव्हता.

प्रत्यक्ष समारंभ जवळून पाहण्यासारखा. दीड फुटाचा खड्डा आदल्या दिवशी वनमजुरानं खणून, शेणखत टाकून तयार ठेवलेला. रोपाची काळी पिशवी ब्लेडनं चिरून काढावी लागते, नाहीतर मुळं आतल्या आत गुंडाळत जातात. पण पिशवी काढली की मातीचा गोळा फुटतो आणि पांढऱ्या कपड्यांवर चिखल उडतो. म्हणून कित्येकदा रोप पिशवीसकट खड्ड्यात जायचं. दहा हात एका काडीला लागायचे, झारी तिरकी व्हायची, फोटोग्राफर ‘साहेब, इकडे’ म्हणायचा. मोटारी गेल्या की तोच वनमजूर खिशातलं ब्लेड काढून रोप पुन्हा लावायचा. त्याचा फोटो आमच्या एकाही फाइलीत नाही.

१९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण सुरू झालं, मागे अमेरिकी मदत होती. रस्त्याच्या कडा, गायरानं, शेतांचे बांध हिरवे करायचे होते. तेव्हा निलगिरीचं एवढं का चाललं, यावर पर्यावरणवाल्यांनी पुष्कळ लिहिलंय: पाणी, जमीन, खांबांचा बाजार. माझी त्यात एवढीच भर की निलगिरीला शेळी तोंड लावत नाही. पुढच्या वर्षी पाहुणा आला तरी रांग उभी दिसायची. कडुनिंब आणि बाभळीच्या रोपांना जपायला माणूस लागतो, आणि माणसाची तरतूद दरवेळी मार्चमध्ये संपायची.

पुढे आकडेच फुगले. १ जुलै २०१६ ला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, म्हणजे कृषी दिनीच, एका दिवसात दोन कोटींचं उद्दिष्ट आलं. मग चार, तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी. ‘हॅलो फॉरेस्ट’ या हेल्पलाइनचा १९२६ हा क्रमांक घरोघरी पोचला. प्रसिद्धी म्हणून मोहीम अव्वल होती, मी व्यावसायिक म्हणून टोपी काढतो. २०२१ मध्ये तिच्या चौकशीला विधिमंडळाची समिती बसली, यातही मला नवल वाटलं नाही. लावल्याचे आकडे ओरडून सांगितले की जगल्याचे कुणीतरी विचारणारच.

गोम वेळापत्रकात आहे. जुलैत कोकणात दगडालाही पालवी फुटते. आमच्या दुष्काळी जिल्ह्यात त्या आठवड्यात कधी कधी पेरणीलासुद्धा ओल नसते. रोप मरतं ते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा प्रसिद्धी सुट्टीवर. पानी फाउंडेशननं २०१६ च्या उन्हाळ्यात वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांत वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा घेतली, त्यातली हुशारी मला इथे दिसली. टीव्ही, नट, बक्षीस सगळं होतं, पण ते ऐन उन्हात, टिकाव-फावडं हातात असताना. कोरेगावातलं वेळू गाव पहिलं आलं. चर किती खणले हे मोजलं गेलं. पुढे विहिरींना पाणी किती टिकलं, हे मोजणं जास्त जिकिरीचं. तरी कॅमेरा योग्य महिन्यात पोचला होता.

मे महिन्यात मागच्या जुलैतल्या रोपांवर मीही एकदा मजकूर केला होता. वरून विचारणा झाली, ‘हे मागवलं कुणी?’

आता त्याच रोपाच्या खांद्यावर हवामानबदलही आलाय. २०३० पर्यंत जादा वनं आणि झाडांमार्फत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, असं भारतानं २०१५ मध्ये जगाला कळवलं. त्यासाठी झाड वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं. मंडपात उभं राहून भागत नाही. आमच्या साच्यात टँकरचं बिल, राखणदाराची मजुरी आणि जगलेली रोपं असे तीन रकाने कुणी वाढवणार असेल, तर पहिल्या हजार प्रतींची छपाई माझ्या पेन्शनमधून.