इक्वलायझरची पट्टी आणि मिरजेचा दोरा

अचलपूरला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात कीबोर्डवर बासरीचा आवाज लावला होता. "जरा धार येऊ द्या," असे कोणीतरी म्हणाले. वाजवणाऱ्या गुरुजींनी इक्वलायझरची सर्वांत उजवीकडची पट्टी वर सरकवली. बासरीला धार काही आली नाही. स्पीकरची खरखर मात्र वाढली. मग त्यांनी संवादिनीचा आवाज लावला, आणि त्याच पट्टीने सूर लखलखू लागला. असे का व्हावे?

कोणत्याही स्वरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची कंपनेही असतात. त्यांना आपण उपस्वर म्हणू. वाद्यावाद्यांतला फरक बराचसा या उपस्वरांच्या कमीअधिक प्रमाणामुळे कळतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. इक्वलायझर निरनिराळ्या वारंवारतांचे पट्टे वेगवेगळे वाढवतो किंवा घटवतो. एखादा पट्टा ६ डेसिबलने वाढवला, की त्यातील कंपनांचा आयाम जवळपास दुप्पट होतो. पण शून्याची दुप्पट शून्यच! बासरीत वरचे उपस्वर फारसे नसतातच. संवादिनीच्या पत्तीत ते भरपूर असतात.

या साधनाचे नावही हेच सांगते. टेलिफोनच्या लांब तारांमध्ये उच्च वारंवारता अधिक क्षीण होतात. ही तूट भरून सर्व वारंवारता पुन्हा 'सम' करणारे मंडल, ते इक्वलायझर. पुढे रेडिओ आणि बोलपटांच्या तंत्रज्ञांनी ते उचलले आणि दुरुस्तीचे साधन हळूहळू सजावटीचे झाले. मूळचे नसलेले निर्माण करणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

ते काम आपल्याकडे एक सुती दोरा करतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. हे घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे! तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित वक्र असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून कारागीर नेमकी जागा कानाने शोधतात. हीच जवारी. कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा टेकते आणि त्यातून उपस्वरांना ऊर्जा मिळत राहते.

तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद असतो, तो उपस्वर उमटू नये, असा यंग यांचा नियम आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवले, की तंबोरा हा नियम पाळत नाही; जो उपस्वर नसायला हवा, तोच ठसठशीत ऐकू येतो. गणिताच्या भाषेत, इक्वलायझर रेषीय आहे, जवारी अरेषीय.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाळाशाळांतून मात्र तंबोऱ्याची जागा आता विजेच्या पेटीने किंवा मोबाइलने घेतली आहे. आपल्या शाळेच्या कपाटावर जुना तंबोरा पडून असेल, तर तो उतरवा. तारेची लांबी टेपने मोजून तिच्या बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हलकेच टेकवा. दोरा काढलेला असताना आवाज बराचसा विझेल. दोरा जागेवर बसवून तेच करा. आता वरच्या सप्तकातला सूर मागे उरतो का, हे विद्यार्थ्यांना डोळे मिटून सांगू द्या.