भात्यापासून इन्व्हर्टरपर्यंत : विजेच्या जोडकामाचा इतिहास व यंत्राची पारख

आपल्या ज्ञातीतील ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी भाता आणि ऐरण होती, त्यांपैकी पुष्कळ घरांत आज वेल्डिंगचे यंत्र आहे. लोखंडाचे दोन तुकडे एकजीव करणे हा जो आपला मूळ धंदा, तोच चालू आहे. अग्नी मात्र कोळशातून निघून विजेच्या तारेत गेला. अलीकडे साध्या कांडीच्या वेल्डिंगवर न थांबता ‘टिग’ पद्धतीचेही काम करणारे किमती यंत्र घ्यावे, अशी इच्छा तरुण मंडळी बोलून दाखवितात. स्टेनलेस स्टीलचे कठडे, डेअरीतील नळ्या, मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग अशी बरकतीची कामे त्या यंत्रावाचून नीट होत नाहीत, हे खरे. परंतु असे यंत्र लाखाच्या घरात जाते. त्यासाठी कर्ज काढावे लागते, प्रसंगी घरातला दागिना मोडतो. यंत्र बंद पडले तरी हप्ता बंद पडत नाही. अशा वेळी या विद्येचा इतिहास जाणणे ही केवळ हौस राहत नाही. यंत्राच्या दर्शनी भागावरील बहुतेक बटणे ही पूर्वी कोणास तरी आलेल्या अडचणींची उत्तरे आहेत. ती अडचण ज्यास ठाऊक, त्यास यंत्र निवडताही येते आणि बिघाडाचे मूळही शोधता येते.

अग्नीने लोखंड जोडण्याची कला आपल्या देशात किती जुनी आहे, याची साक्ष दिल्लीचा लोहस्तंभ देतो. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ एका ओतकामाने झालेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, घणाखाली एकमेकांत मिसळून तो घडविला आहे. भात्यापाशी बसलेल्या माणसास त्यातील मर्म सांगावयास नको. लोखंड पांढरे होईतो तापवावयाचे आणि सांध्यावर वाळू किंवा टाकणखार टाकावयाचा, म्हणजे हवेने धरलेले कीट पातळ होऊन घणाच्या पहिल्या घावासरशी बाहेर पडते. पुरेशी उष्णता आणि हवेपासून बचाव, या दोनच गोष्टींवर तो जोड टिकतो. पुढील दोनशे वर्षांतील सारी खटपट याच दोन गोष्टींसाठी झाली आहे.

रशियात वासिली पेत्रोव्ह याने १८०२ साली विद्युत्कमानीचे, म्हणजे कारखान्यातील भाषेत ‘आर्क’चे, प्रयोग केले, इंग्लंडात हंफ्री डेव्ही यानेही ती दाखविली. परंतु तिचा जोडकामासाठी उपयोग होण्यास ऐंशी वर्षे जावी लागली. निकोलाय बेनार्दोस व त्याचा सहकारी ओल्शेव्हस्की यांनी कोळशाच्या कांडीतून आर्क काढून धातू वितळविण्याच्या रीतीचे पेटंट १८८५ साली घेतले. १८८८ साली स्लाव्यानोव्ह याने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. कांडीच वितळून सांध्यात उतरू लागली. युक्ती नामी होती, पण जोड ठिसूळ होत. उघड्या हवेत वितळलेले लोखंड प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेते, हे त्याचे कारण. यावर इलाज काढला तो स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने. जहाजांचे बाष्पक दुरुस्त करताना उघड्या तारेचे जोड त्यास समाधान देईनात, म्हणून त्याने कांडीवर लेप चढविला. १९०४ साली गोटेन्बर्ग येथे त्याने स्थापिलेली कंपनी ‘एसाब’ या नावाने आजही जगप्रसिद्ध आहे. लेप जळून धूर होतो, त्याने हवा दूर राहते. उरलेला लेप मळीच्या रूपाने जोडावर पांघरूण घालतो. आपल्या टाकणखाराचेच हे काम, नव्या वेषात!

म्हणूनच कांडीचा लेप ओला झाला की कारागिराचे कसब व्यर्थ जाते. पावसाळ्यात जोडात भोके पडू लागली की यंत्राला दोष देणारे पुष्कळ भेटतात. जाड व महत्त्वाच्या कामास लागणाऱ्या ७०१८ जातीच्या कांड्या तर ३०० ते ३५० अंशांवर भट्टीत भाजून, गरम पेटीत ठेवून वापरावयाच्या असतात. ही पेटी यंत्राच्या मानाने स्वस्त असते, आणि तरीही तीच घेतली जात नाही.

वेल्डिंगवर जगाचा विश्वास बसला तो एका विचित्र प्रसंगाने. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनी इंजिनांची बिडाची सिलिंडरे मुद्दाम फोडून ठेवली होती. ती नवी ओतण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकनांनी त्यांतील पुष्कळशी वेल्डिंगने सांधली आणि काही महिन्यांत तीच जहाजे सैन्य घेऊन युरोपास निघाली. १९२० साली इंग्लंडात ‘फुलागर’ हे रिव्हेटांवाचून, सर्वस्वी वेल्डिंगने बांधलेले समुद्रगामी जहाज पाण्यात उतरले.

नंतर उलट प्रसंग आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने हजारो जहाजे झपाट्याने बांधली. १६ जानेवारी १९४३ रोजी ‘शेनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज पोर्टलंड येथे धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना प्रचंड आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. लिबर्टी जातीच्या अनेक जहाजांसही अशाच भेगा गेल्या. प्रथम बोट दाखविले गेले ते वेल्डरांकडे. काही ठिकाणी जोड सदोष होतेही. परंतु केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवून दिले, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होणारे होते. शिवाय आराखड्यातील चौकोनी कोपऱ्यांशी ताण साठत असे, आणि रिव्हेटांच्या जहाजात एका पत्र्यावर थांबणारी भेग अखंड जोडलेल्या जहाजात पुढे धावत असे. दोष दिसला एकीकडे आणि होता बराचसा दुसरीकडे. आपल्या कारखान्यातही हेच नित्य घडत असते.

‘टिग’ची कथा याच काळातील आहे. अमेरिकेतील नॉर्थ्रप विमान कारखान्यास मॅग्नेशियमची विमाने बांधावयाची होती. ही धातू तापली की हवेत पेट घेते. तिच्यावर कोणताही लेप चालेना. तेथील रसेल मेरेडिथ याने १९४१ च्या सुमारास टंगस्टनची न वितळणारी कांडी घेऊन तिच्याभोवती हेलियम वायूचे कवच सोडले. १९४२ साली त्याचे पेटंट मंजूर झाले. पुढे बहुतेक कामांत हेलियमची जागा आर्गनने घेतली. टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळते. पण प्रवाहाची दिशा चुकली तर तेही टिकत नाही. एकदिश प्रवाहात कांडी धन टोकास जोडली की उष्णतेचा मोठा वाटा कांडीवरच पडतो आणि तिचे कण जोडात गळतात. ऋण टोकास जोडली की कांडी वाचते, पण मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियमवरील कीट फुटत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते, त्यावरील कीट मात्र दोन हजारांहून अधिक अंश मागते. तोडगा निघाला तो उलटसुलट वाहणाऱ्या एसी प्रवाहाचा : अर्धा वेळ कीट फोडावे, अर्धा वेळ धातू वितळवावी. दिशा बदलताना आर्क विझू नये म्हणून त्यावर उच्च कंपनांची ठिणगी चढविली. आजच्या यंत्रावरील ‘एसी बॅलन्स’ आणि ‘एच. एफ.’ ही बटणे या खटपटीतून आली आहेत.

आणि मेरेडिथच्या काळची ती अडचण आपल्याकडे अजून दर आठवड्यास घडते. एकाच यंत्रावर कांडीचे व टिगचे काम करताना कांडीचा होल्डर सामान्यतः धन टोकास, तर टिगची टॉर्च ऋण टोकास लावावयाची असते. सकाळी गेटचे काम झाले, दुपारी टॉर्च घाईने त्याच टोकास लावली, की टंगस्टनच्या अणीचा क्षणात गोळा होतो. मग टंगस्टन नकली असल्याची तक्रार दुकानदाराकडे जाते!

आपल्याकडे १९५१ साली मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन कंपनी स्थापन झाली आणि वेल्डिंगच्या कांड्या देशातच होऊ लागल्या. त्यानंतर कित्येक दशके गावोगावचे यंत्र म्हणजे तांब्या-लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर : चौघांनी उचलावा असा जड, वीज खाणारा, पण धूळ, ऊन आणि हलगर्जीपणा निमूट सोसणारा. १९७७ साली फिनलंडच्या केंपी कंपनीने इन्व्हर्टर पद्धतीचे यंत्र बाजारात आणले. त्यात आलेली वीज प्रथम एकदिश करून सेकंदास हजारो वेळा तोडतात. त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहानसा पुरतो. ही तोडजोड करणाऱ्या आय.जी.बी.टी. नावाच्या घटकाच्या जडणघडणीचे मोठे श्रेय मद्रासेस जन्मलेले बी. जयंत बालिगा यांस जाते. २०२४ साली फिनलंडनेच त्यांस मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक देऊन गौरविले. यंत्र हातात उचलण्याजोगे झाले, प्रवाह हवा तसा वळू लागला. मात्र जुन्या ट्रान्सफॉर्मरची सोशिकता गेली, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

आता निवडीविषयी. पहिला प्रश्न धातूचा. ज्याचे काम लोखंड व स्टेनलेसपुरतेच आहे, त्यास केवळ डीसी यंत्र पुरते. ॲल्युमिनियमचे काम खरोखर दारात येत असेल तरच एसी-डीसी यंत्राचा जादा पैसा घालावा. ‘पुढे कधी तरी येईल’ म्हणून कर्ज वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा प्रश्न ताकदीचा. ॲल्युमिनियमला पत्र्याच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर लागतात. तेव्हा २०० अँपिअरचे यंत्र पाच मिलिमीटरपर्यंत साथ देते. सव्वातीन मिलिमीटरच्या कांडीस सव्वाशेच्या आतबाहेर पुरतात.

पण अँपिअरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. शेजारी ड्यूटी सायकलचा आकडा असतो, तो वाचावा. ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. अखंड काम घ्यावयाचे तर तेच यंत्र सुमारे १५५ अँपिअरच देईल. हा आकडा ४० अंश उष्णतेस दिलेला असावा. काही स्वस्त यंत्रांवर तो थंड हवेतला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली काय होते ते नागपूर-चंद्रपूरच्या ज्ञातिबांधवांस विचारावे. तिसरी गोष्ट विजेची. गावचा दाब खाली-वर होत असेल, जनरेटरवर काम करावे लागत असेल, तर किती दाबापर्यंत यंत्र तग धरते हे लेखी पाहावे. दुरुस्ती करणारा माणूस आणि सुटे भाग किती अंतरावर आहेत, हे तर किमतीहूनही आधी विचारावे. शक्य असल्यास आपलाच पत्रा, आपलीच कांडी घेऊन जावे आणि दुकानात दहा मिनिटे सलग काम करून पाहावे.

बिघाडाचा शोध नेहमी बाहेरून आत घ्यावा. माझ्या परिचयाच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा जोड काळा पडू लागला, म्हणून यंत्र टेंपोत घालून शहरात धाडले गेले. तीन आठवड्यांनी ते निर्दोष म्हणून परत आले. हंगाम मात्र गेला. दोष होता वायूच्या नळीच्या सैल सांध्यात. साबणाचे पाणी लावले असते तर बुडबुडे दिसले असते. काळा जोड आणि निळे-काळे पडलेले टंगस्टन म्हणजे आर्गनचे कवच फाटले आहे, असे समजावे. नळी, टॉर्चची टोपी आणि शेजारचा पंखा पाहावा. वायू वाढवून मात्र हा प्रश्न सुटतोच असे नाही. मिनिटाला सहा ते बारा लिटर बहुधा पुरतात. फार सोडला तर भोवरा होऊन तो बाहेरची हवाच आत ओढतो. काम थांबताच टॉर्च उचलू नये. मागून वाहणारा वायू तापलेल्या टंगस्टनला जपत असतो.

आर्क लागत नाही किंवा तुटतो, तर प्रथम परतीच्या तारेचा चिमटा पाहावा. रंगावर, गंजावर लावलेला चिमटा हा आपल्या धंद्यातील सर्वांत मोठा ठग आहे. काम केल्यावर तारेचे सांधे चाचपावेत. जो गरम लागेल तो सैल आहे. कांडी लावताच यंत्र माघार घेत असेल, तर लांब व बारीक जोडतारेत दाब पडतो काय ते काम चालू असताना मोजावे. डीसीवर आर्क एका बाजूस झुकत असेल तर तो चुंबकीय परिणाम आहे : चिमट्याची जागा बदलावी, आर्क आखूड धरावा किंवा एसीवर जावे. पिवळा दिवा लागून काम थांबले तर यंत्र तापले आहे. त्यास बंद न करता पंखा चालू ठेवून निवू द्यावे.

इतके पाहूनही दोष राहिला, तरच आतला संशय घ्यावा. इन्व्हर्टरचा खरा वैरी ग्राइंडरची लोखंडी धूळ होय. ती पंख्यावाटे आत जाऊन सर्किटावर बसते. म्हणून ग्राइंडर आणि यंत्र यांत अंतर ठेवावे. आतील धारित्रांत वीज तोडल्यावरही काही काळ प्राणघातक दाब राहतो. तेव्हा झाकण जाणकारानेच उघडावे, तेही प्लग काढून, पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ थांबून. धूळ कोरड्या हवेच्या हलक्या झोताने उडवावी, आणि तसे करताना पंख्याचे पाते धरून ठेवावे. नाहीतर ते झोताने भरधाव फिरते आणि त्याची बेअरिंगे खराब होतात.