‘एंडेव्हर’वरील वनस्पतिसंग्रह

इ. स. १७६८ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचा वेध घेण्यासाठी जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज निघाले, तेव्हा त्यावर जोसेफ बँक्स हा धनाढ्य तरुण, सोलँडरसारखा विद्वान, चित्रकार आणि नोकरचाकर असा सारा लवाजमा स्वखर्चाने घेऊन चढला होता. सरकारी मोहिमेतली ही खासगी सरदारीच म्हणावयाची. वाटेत जमविलेली झाडे खाऱ्या, दमट हवेत सुकविणे जिकिरीचे. त्यासाठी जे कागद होते त्यांत मिल्टनच्या महाकाव्यावरील अ‍ॅडिसनच्या टीकेचे न बांधलेले छापील तावही होते, आणि टीकावाङ्मयाचा याहून सार्थ विनियोग क्वचितच झाला असेल. १७७० च्या मे महिन्यात, पुढे ‘बॉटनी बे’ म्हणून ख्यात झालेल्या उपसागरी, नमुन्यांचा इतका भरणा झाला की बँक्सने सुमारे २०० दस्ते किनाऱ्यावर नेऊन शिडाच्या कापडावर उन्हात मांडले आणि दिवसभर ते उलटेपालटे करीत, कधी आतली बाजू बाहेर काढीत, सायंकाळी सुस्थितीत जहाजावर परत आणले. झाडे कोमेजण्यापूर्वी सर्व चित्रे पुरी होणे अशक्य, म्हणून बँक्सचा चित्रकार पार्किन्सन केवळ रेखाकृती काढून रंगांची टिपणे करून ठेवी. बटाव्हियाहून परतताना, १७७१ च्या जानेवारीत, तो समुद्रातच वारला. पुढे बँक्सने या चित्रांवरून ७०० हून अधिक ताम्रपट कोरवून घेतले खरे, परंतु त्यांचा ग्रंथ त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालाच नाही.