घटातली वीज



आपल्याकडे 'बॅटरी' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अंधारात वाट दाखविणारी विजेरी उभी राहते. तिच्या पोटातल्या नळकांड्यांना आपण 'सेल' म्हणतो. शब्द मूळचा तोफखान्यातला. ओळीने मांडलेल्या तोफांना बॅटरी म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन याने वीज साठविणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या रांगेला ते नाव दिले आणि पुढे ते घटमालेला चिकटले. आज विचार करावयाचा आहे तो या घटाच्या इतिहासाचा, आणि त्याबरोबरच एका साध्या प्रश्नाचा: ही वीज आपल्याला केवढ्याला पडते, आणि तिच्यावाचून भागते काय?

आरंभ झाला तो एका वादातून. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली असे प्रसिद्ध केले की, मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो आखडतो. तेव्हा वीज प्राण्याच्या देहातच असली पाहिजे. पाव्हियाचा प्राध्यापक व्होल्टा याला हे पटेना. वीज बेडकात नसून त्या दोन भिन्न धातूंच्या संयोगात आहे, असे त्याचे म्हणणे. ते सिद्ध करण्यासाठी त्याने बेडूक बाजूला ठेवला, जस्ताच्या व चांदीच्या चकत्या एकाआड एक रचल्या आणि मधून मधून मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे घातले. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हा शोध कळविला. ठिणगी उडते आणि विझते, एवढीच तोवर विजेची ओळख होती. ती आता संथपणे वाहू लागली.

या वाहत्या विजेचे मोठे काम आपल्या देशानेही पाहिले. १८५५ च्या प्रारंभी हिंदुस्थानातील तारायंत्र सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडलेली होती. मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. म्हणजे विजेचे कारखाने येण्यापूर्वी अर्धे शतक आपले निरोप घटांच्या बळावर धावत होते!

पुढे सुधारणा झाल्या. १८५९ साली प्लांते याने शिशाच्या पत्र्यांचा, पुन्हा पुन्हा भरता येणारा घट केला. आजही मोटारीत त्याचाच वंशज असतो. १८६६ साली लक्लांशे याने जस्त, कोळसा, मँगनीजचे ऑक्साइड आणि आपल्या कल्हईवाल्याच्या ओळखीचा नवसागर यांचा घट बनविला. परंतु त्यातले पाणी सांडे. १८८६ साली गास्नर याने त्या द्रवाचा लगदा करून तो जस्ताच्याच डब्यात बंद केला, आणि वीज खिशात मावू लागली.

आता किमतीचा हिशेब करू. विजेरीतला चांगला पेन्सिल-सेल सुमारे तीन वॅट-तास वीज देतो. घरच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. म्हणजे एका युनिटासाठी असे तीनशेहून अधिक सेल लागतील! सेल दहा रुपयांना धरला तरी तीन हजारांवर रक्कम गेली. घरी तेवढीच वीज काही रुपयांत मिळते. ज्यांच्या झोपडीपर्यंत तार पोचली नव्हती, त्यांनी आपल्या रेडिओसाठी आणि विजेरीसाठी जगातली सर्वांत महाग वीज विकत घेतली. या सोयीचा सर्वांत मोठा कर गरिबाने भरला, हे विसरता कामा नये.

मग पर्याय शोधले गेले नाहीत काय? अवश्य शोधले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ चालविण्याचे यंत्र निघाले. मुठीने दाबून पेटणाऱ्या विजेऱ्या युद्धकाळात वापरात होत्या. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सूर्यघटमाला दाखविली. पडलेल्या उन्हाचा सुमारे सहा टक्के भाग ती विजेत बदली. तिची खरी परीक्षा झाली ती आकाशात. १९५८ च्या मार्चमध्ये सोडलेल्या व्हँगार्ड या चिमुकल्या उपग्रहात दोन प्रेषक होते: एक पाऱ्याच्या घटावर चालणारा, दुसरा सूर्यघटावर. पहिला काही महिन्यांच्या आत मुका झाला. दुसरा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पर्याय यशस्वी झाले ते बहुधा यंत्राची भूक कमी झाल्यावरच. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला आपल्या तारा तापविण्यातच पुष्कळ वीज घालवावी लागे. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर जन्मला, आणि १९५४ साली खिशातला रेडिओ बाजारात आला. घटात क्रांती झाली नव्हती. रेडिओच मिताहारी झाला होता. गणकयंत्राचे आकडे अत्यल्प विजेवर उमटू लागले, तेव्हाच ते खोलीतल्या दिव्याच्या उजेडावर चालू शकले. एलईडीमुळे विजेरीचेही तसेच झाले.

उलट आपण भूक वाढवीत नेली, तेव्हा घटालाच शरण जावे लागले. १९९१ साली लिथियम-आयन घट बाजारात आला. त्यावर काम करणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या श्रमावाचून हातातला फोन दिवसभर चालता ना. पण सूर्याची वीजही रात्रीसाठी घटातच ठेवावी लागते, आणि प्रत्येक घट एक दिवस मरतो. त्यातले शिसे, कॅडमियम मात्र मरत नाही. ते मातीत उतरते, आणि जुने घट फोडून पोट भरणाऱ्याच्या श्वासात जाते. २०२२ च्या नियमांनी आपल्या देशात वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु आपण सेल ओल्या कचऱ्यात टाकला, तर नियम काय करील?

म्हणून नवे यंत्र घेताना 'हे किती वेळ चालते?' एवढेच न विचारता 'हे किती थोडक्यात भागवते?' असेही विचारावे. आणि संपलेला सेल केरात टाकण्यापूर्वी, तो शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे, याची क्षणभर आठवण ठेवावी.